खलनायकाची कैफियत आणि नायकाचा ठोसा



आजची निमंत्रणपत्रिका हातात पडल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडली असणार. स्मृतिव्याख्यान म्हटलं की विषय संतसाहित्याचा, राज्यघटनेचा, गेला बाजार शेतीच्या अर्थकारणाचा. आणि इथे कोण, तर रात्री वटवाघळाचा वेश चढवून गुंडांना बदडणारा एक धनाढ्य तरुण! पण जरा धीर धरा. बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांनी १९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकात बॅटमॅनला जन्माला घातलं. लहानपणी गल्लीत आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत झालेला ब्रूस वेन, त्याची वडिलोपार्जित संपत्ती, त्याचं गॉथम शहर आणि त्या शहरातले एकाहून एक चमत्कारिक गुन्हेगार, एवढंच या कथेचं भांडवल. १९४३ पासून अमेरिकी पडद्याने हेच भांडवल पुन्हा पुन्हा वापरलं. गाव तेच, माणसं तीच, आणि तरी दर पिढीच्या वाट्याला वेगळा बॅटमॅन आला. एखाद्या समाजाने न्याय आणि शिक्षा यांबद्दलची आपली समजूत कशी बदलत नेली हे पाहायचं असेल, तर तुलनेला याहून सोयीचा ऐवज मिळणं कठीण.

या तुलना एरवी कशाच्या होतात? कुणाचा पोशाख चांगला, कुणाची गाडी वेगवान, कुणाचा जोकर जास्त भयंकर. अलीकडे आणखी एक माप आलं आहे, अंधाराचं. चित्रपट जितका काळा, तितका तो प्रौढ, असं काहीसं. ही सगळी मापं मी बाजूला ठेवणार आहे आणि दोनच प्रश्न विचारणार आहे. पहिला, खलनायकाला त्याची कैफियत मांडू दिली आहे का? दुसरा, मांडू दिली असेल, तर त्यानंतर नायकाच्या ठोशाचं काय होतं? हा संबंध आपल्याला अगदीच परका नाही. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि मराठी वाचकाने कर्णाचं म्हणणं कर्णाच्या तोंडून ऐकलं. ते ऐकल्यावर अर्जुनाचा तो बाण पूर्वीसारखा सरळ सुटलेला दिसेना. बाण तोच होता, रुतलेलं चाकही तेच. बदललं होतं ते बघणाऱ्याचं मन. बॅटमॅनच्या बाबतीत मात्र गंमत अशी की, त्याच्याजवळ ठोशाखेरीज दुसरं फारसं काही नाही. त्याला उडता येत नाही, देवांनी दिलेली अस्त्रं नाहीत, कोर्टात उभं राहायचा अधिकारही नाही. तो काय करतो? तो मारतो. त्यामुळे खलनायक बोलायला लागला की सगळ्यात आधी अडचणीत येते ती त्याची मूठ.

सुरुवात करू या १९४३ च्या कोलंबिया कंपनीच्या पंधरा भागांच्या चित्रपटमालिकेपासून. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. लुईस विल्सनचा बॅटमॅन इथे चक्क सरकारचा गुप्त हस्तक आहे आणि खलनायक आहे डॉक्टर डाका नावाचा जपानी हेर, जो माणसांना यंत्राच्या साहाय्याने आपले गुलाम बनवतो. ही भूमिका करणारा जे. कॅरोल नेश वंशाने आयरिश. चेहऱ्याला रंग फासून त्याने जपानी माणूस उभा केला. डाकाचा अड्डा आहे जपानी वस्तीत, आणि ती वस्ती ओस का पडली हे निवेदक कौतुकाच्या सुरात सांगतो: सरकारने शहाणपणाने तिथल्या लोकांना उचलून नेलं म्हणून. १९४२ च्या अध्यक्षीय हुकमाने सुमारे सव्वा लाख जपानी वंशाच्या माणसांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडलं होतं, त्यांतले बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते. आता सांगा, या डाकाला कैफियत असणार कशी? ज्यांना खऱ्या आयुष्यात सुनावणी मिळाली नाही, त्यांच्या पडद्यावरच्या बुजगावण्याला ती कोण देणार? शेवटी तो मगरींच्या खड्ड्यात पडतो आणि कुणाला काही वाटत नाही. खलनायक समुद्रापलीकडचा ठरवला की ठोसा बिनबोभाट मारता येतो, हा या मालिकेचा हिशेब. १९६५ मध्ये हेच पंधरा भाग सलग एका बैठकीत पुन्हा थिएटरात दाखवले गेले, तेव्हा प्रेक्षक हसले. कशाला हसले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण त्या हशाला बाजारात मागणी आहे, हे मात्र लोकांच्या लक्षात आलं.

पुढच्याच वर्षी, १९६६ च्या जानेवारीत, एबीसी वाहिनीवर अ‍ॅडम वेस्टचा बॅटमॅन अवतरला. दोन वर्षांत १२० भाग. या मालिकेची टिंगल करायची ही आता रीतच पडली आहे. पोट सुटलेला नायक, तिरका कॅमेरा, शार्क माशाला पळवून लावणारा फवारा. टिंगल करा, माझी हरकत नाही. पण माझ्या दोन प्रश्नांपुरतं बोलायचं तर सगळ्या अवतारांत ही मालिका मला सर्वांत प्रामाणिक वाटते. इथल्या खलनायकांना कैफियत नाही, आणि मालिका ती असल्याचा आवही आणत नाही. सीझर रोमेरोने जोकर करताना आपली मिशी काढायला नकार दिला. मग मिशीवरच पांढरा रंग थापला गेला, आणि जवळून पाहिलं की ती आजही दिसते. मिशीसकट जोकर चालतो, कारण रंगाखाली कुणी दुखावलेला माणूस आहे असं सांगायचंच नाही. मिस्टर फ्रीझ हा बर्फाचा गुन्हेगार तीन निरनिराळ्या नटांनी केला: जॉर्ज सँडर्स, ओटो प्रेमिंजर आणि एली वॉलक. बॅटमॅनच्या हातून घडलेल्या अपघातामुळे याला थंडीत राहावं लागतं, एवढं एका वाक्यात उरकलं जातं आणि पुन्हा लुटालूट सुरू. नट बदलला तरी बिघडत नाही, कारण बदलतो तो फक्त पोशाखातला माणूस.

आणि ठोसा? ठोसा लागतो त्या क्षणी पडद्यावर रंगीत ठळक अक्षरं झळकतात, आपल्याकडच्या 'ढिशूम'ची भावंडं. नीट पाहिलं तर ती अक्षरं नेमकी आघातावरच येऊन बसतात. लागलेला ठोसा आपल्याला दिसतच नाही, आपण तो वाचतो. ज्याला दुखत नाही त्याला मारलेला ठोसा हा नाच असतो, हे या मालिकेला पक्कं ठाऊक होतं. याच मालिकेत पेंग्विन गॉथमच्या महापौरपदासाठी उभा राहतो. बर्जेस मेरेडिथचा हा पेंग्विन वाजतगाजत प्रचार करतो, लोकांना रिझवतो, आणि त्याला अडवायला बॅटमॅन स्वतः निवडणुकीला उभा राहून रटाळ, नेमस्त भाषणं करतो. हा प्रसंग लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

१९८९ मध्ये टिम बर्टनचा 'बॅटमॅन' आला. मायकेल कीटनसारखा विनोदी नट बॅटमॅन होणार म्हणून चाहत्यांनी निर्मात्या कंपनीकडे पत्रांचा पाऊस पाडला होता. अँटन फर्स्टने उभं केलेलं ते काजळी धरलेलं, आभाळ गिळणारं गॉथम पाहून बहुतेकांची तक्रार विरली. पण खरा बदल नेपथ्यात झालेला नव्हता. मूळ कथेत ब्रूसच्या आईवडिलांना मारणारा एक सामान्य रस्त्यावरचा चोर आहे. बर्टनने तो जॅक निकल्सनचा जोकर केला. तरुणपणी त्याने वेन दांपत्याला मारलं, म्हणून ब्रूसचा बॅटमॅन झाला. पुढे त्याच बॅटमॅनच्या हातून निसटून तो रसायनाच्या पिंपात पडला, म्हणून त्याचा जोकर झाला. चर्चच्या मनोऱ्यावर दोघं एकमेकांना तोंडावर सुनावतात की तूच मला घडवलंस. खलनायकाला इथे प्रथमच कैफियत मिळाली, आणि तिच्यात आरोपी म्हणून नायकाचं नाव आहे. कल्पना मोठी देखणी आहे, पण तिची किंमत काय पडली? सामान्य चोराने केलेल्या खुनाला अर्थ नव्हता, म्हणून ब्रूसचं भांडण एका माणसाशी न राहता साऱ्या गुन्ह्याशी होतं. खुनी सापडला, तोही ठरावीक एक, की उरतं ते वैर. आणि वैरातला ठोसा न्यायाचा राहत नाही, तो फेडीचा होतो. हा बॅटमॅन जोकरला ठार मारीन असं स्पष्ट म्हणतो, आणि जोकर मरतोही. मग हिशेब मिटल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी तो वेश पुन्हा का चढवावा? चित्रपट आकाशात बॅटमॅनची खूण झळकावून या प्रश्नावरून पुढे निघून जातो.

बर्टनला स्वतःला हे खटकलं असावं, असं त्याचा पुढचा चित्रपट पाहून वाटतं. १९९२ चा 'बॅटमॅन रिटर्न्स'. पुन्हा पेंग्विन, पुन्हा महापौरपदाची निवडणूक. मघाशी म्हटलं ना, प्रसंग लक्षात ठेवा! पण हा डॅनी डीव्हिटोचा पेंग्विन जन्मतःच व्यंग असलेला, आणि म्हणून श्रीमंत आईबापांनी नाताळच्या रात्री पाळण्यासकट गटारात सोडलेला आहे. बॅटमॅनप्रमाणे हाही एका बड्या घराण्याचा पोरका मुलगा. १९६६ ला पेंग्विन निवडणुकीला उभा राहिला तो सत्तेसाठी. १९९२ ला तो उभा राहतो तेव्हा आधी नोंदवह्या धुंडाळून आपल्या आईबापांचं नाव शोधतो, त्यांच्या कबरीपाशी जातो, आणि गाव त्याच्यावर हळहळतं. कथानक तेच असताना एका पाळण्याने केवढा फरक पडला पाहा. आता त्याला हरवायचं कसं? पेंग्विन मतदारांची खिल्ली उडवत असतानाचं ध्वनिमुद्रण बॅटमॅन भर सभेत वाजवतो, आणि ज्या लोकांनी हार घातले तेच भाजी फेकून मारतात. ठोसा लोकांनी मारला. कॅटवुमनच्या बाबतीत तर नायकाचा हात अर्ध्यावरच थांबतो: मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात बिनमुखवट्याने आलेली ही दोघंच, आणि नाचता नाचता त्यांना कळतं की रात्री आपण एकमेकांना जखमा केल्या आहेत. मिशेल फायफरचा तो चेहरा पाहावा. मात्र याच चित्रपटात बॅटमॅन एका बिननावाच्या पहिलवानाच्या अंगाला स्फोटकं बांधतो आणि हसतो. ज्याची कैफियत ऐकली त्याच्यावर हात उचलवेना, ज्याची ऐकली नाही त्याला उडवून देताना हसू आलं. बर्टनच्या मनातली ही फट मला त्याच्या साऱ्या नेपथ्यापेक्षा बोलकी वाटते.

आता याच वर्षातल्या एका छोट्या गोष्टीकडे येतो, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. १९९२ च्या सप्टेंबरात अमेरिकी दूरचित्रवाणीवर मुलांसाठी बॅटमॅनची अ‍ॅनिमेशन मालिका सुरू झाली. तिच्यातल्या 'हार्ट ऑफ आइस' या भागात, पॉल डिनी या लेखकाने आणि ब्रूस टिम या दिग्दर्शकाने तोच मिस्टर फ्रीझ पुन्हा आणला, ज्याला १९६६ च्या मालिकेत तीन नटांनी पोशाखासारखा अंगावर चढवला होता. इथे तो शास्त्रज्ञ आहे. त्याची बायको नोरा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली. उपाय सापडेपर्यंत त्याने तिला गोठवून जपलं आहे. खर्च वाढतो म्हणून कंपनीचा मालक प्रयोग बंद पाडतो, झटापट होते, नोरा जाते आणि तो कायमचा थंडीत जगणारा माणूस होतो. त्या मालकाला पुढे कसला पुरस्कार मिळतो? मानवतेच्या सेवेचा! जेमतेम बावीस मिनिटांच्या कार्टूनमध्ये हे सगळं बसवलं आहे. आणि नायक काय करतो? सर्दीने बेजार झालेला बॅटमॅन खानसाम्याने, म्हणजे आल्फ्रेडने बरोबर दिलेल्या गरम सूपचा थर्मास फ्रीझच्या शिरस्त्राणावर फोडतो, आणि काच तडकून तो कोसळतो. आजाऱ्याला द्यायच्या सूपने आजारी माणसाला पाडलं. शत्रूला पाडल्यावर बॅटमॅन मालकाच्या गुन्ह्याची चित्रफीत पत्रकाराच्या हाती देतो. म्हणजे कैफियत ऐकणारा पुढे साक्षीदारही होतो. शेवटी कोठडीत बर्फाच्या गोळ्यातल्या नर्तिकेच्या बाहुलीपुढे बसलेला फ्रीझ दिसतो, आणि बाहेरून त्याच्याकडे बघणारा बॅटमॅन. जिंकला कोण? ही पटकथा लिहिल्याबद्दल डिनीला एमी पुरस्कार मिळाला. हे सारं मुलांसाठी आहे, त्यात कसली न्यायमीमांसा शोधता, असं म्हणणाऱ्यांना मी हा भाग दाखवीन. मोठ्यांच्या चित्रपटांना जे जमलं नव्हतं ते इथे शाळेतून घरी आलेल्या पोरांपुढे मांडलं गेलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कुणी म्हणेल, हे सारं तुम्ही उगाच तत्त्वज्ञानाच्या खुंटीला टांगताय. हा निव्वळ धंदा आहे. यात तथ्य आहे. 'बॅटमॅन रिटर्न्स' फार काळा झाला म्हणून पालक चिडले, मुलांच्या जेवणाच्या डब्यांबरोबर त्या चित्रपटाची खेळणी विकणाऱ्या मॅकडोनल्ड्सची पंचाईत झाली, आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीत बर्टनऐवजी जोएल शूमाकर येऊन बसला. रंग आले, विनोद आला, खेळणी खपली. पण धंदा ठरवतो तो सूर. त्या सुरात कैफियत बसते की नाही, हे धंद्याच्या हातात नसतं. पुरावा? १९९७ चा 'बॅटमॅन अँड रॉबिन'. खलनायक पुन्हा मिस्टर फ्रीझ, म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर. निर्मात्यांनी त्या कार्टूनमधली नोरा जशीच्या तशी उचलली, गोठलेली बायको, हळवा नवरा, सगळं. आणि त्याच माणसाच्या तोंडी दर दोन मिनिटांनी बर्फावरच्या कोट्या घातल्या. पत्नीच्या शवपेटीसारख्या काचेपुढे रडणारा आणि लगेच पोलिसांना गोठवताना कोटी करणारा, ही दोन माणसं एका चिलखतात मावत नाहीत. रोमेरोच्या जोकरला कोट्या शोभल्या, कारण तो कुणासाठी रडत नव्हता. प्रेक्षक आणि समीक्षक दोघांनीही चित्रपट झिडकारला आणि बॅटमॅन आठ वर्षं मोठ्या पडद्यावरून गेला. त्याचं खापर लोक पोशाखांवर फोडतात. माझ्या मते ते त्या उसन्या कैफियतीवर फोडावं.

मग ख्रिस्तोफर नोलन. त्याच्या तीन चित्रपटांतला मधला, २००८ चा 'द डार्क नाइट', आपल्या कामाचा. इथवर आपण पाहिलं की खलनायकाला कैफियत मिळत गेली. हीथ लेजरचा जोकर काय करतो? तो कैफियतीची चेष्टा करतो. गालांवरचे व्रण कसे आले, हे तो एका गुंडाला सांगतो: बापाने केलं. पुढे ब्रूसच्या मैत्रिणीला, रेचेलला, सांगतो: बायकोसाठी मी स्वतः केलं. तिसरी गोष्ट बॅटमॅनला सांगायला जातो तोच झटापट होते. खरं काय? काहीच नाही, किंवा काहीही. प्रेक्षकाला आता सवय झालेली असते की दुष्टाच्या मागे एक दुःख असतं. जोकर त्या सवयीवरच हात फिरवतो. कुणी म्हणेल, त्याला हेतू तर आहे, प्रत्येक माणूस आतून माझ्यासारखाच आहे हे त्याला सिद्ध करायचं आहे. कबूल. पण हेतू आणि कैफियत यांत फरक आहे. हेतू पुढे बघतो, कैफियत मागे बघते. हेतू हाणून पाडता येतो. जोकरने स्फोटकं पेरलेल्या दोन बोटींमधले कैदी आणि नागरिक एकमेकांना उडवून देत नाहीत तेव्हा तो हाणून पाडला जातोही. पण ज्याला मागचं काही नाही त्याला समजून घेता येत नाही, आणि त्याला दुखवताही येत नाही. पोलीस चौकीतला तो चौकशीचा प्रसंग आठवा. बॅटमॅन दाराला खुर्ची लावून त्याला भिंतीवर आपटतो, काचेवर आपटतो, ठोशांमागून ठोसे. जोकर हसतो. १९६६ मध्ये ठोसा लागत नव्हता तो गमतीने. इथे तो खरोखर लागतो आणि तरीही लागत नाही. मार खाऊन जोकर जे दोन पत्ते देतो ते अदलाबदल केलेले निघतात, आणि रेचेल मरते. ठोशाने मिळवलेलं उत्तरच खोटं. हा चित्रपट आला तेव्हा अमेरिकेत कैद्यांच्या छळावर मोठा वाद चालू होता, हे विसरून चालणार नाही.

नोलनचं कौशल्य असं की, याच चित्रपटात त्याने कैफियतीचा दुसरा काटाही ठेवला आहे. सरकारी वकील हार्वी डेंट. त्याचं प्रेम, त्याचं भाजणं, त्याचं माथेफिरू होणं आपण पायरीपायरीने पाहतो. त्याचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. आणि अखेर बॅटमॅनच्या धक्क्याने मरतो कोण? ज्याची कैफियत आपल्याला पटली, तो. जोकरला मात्र बॅटमॅन इमारतीवरून पडू देत नाही, उलटा टांगून ठेवतो, आणि कॅमेरा हलकेच फिरून त्याला सुलटा करतो. जग उलटं होतं, तो जागेवर. पुढच्या चित्रपटातल्या बेन या खलनायकाबद्दल मी फार बोलणार नाही. त्याची जन्मकथा शेवटी दुसऱ्याच कुणाची निघते. बेन अ‍ॅफ्लेकच्या २०१६ च्या बॅटमॅनने सुपरमॅनवर भाला उगारला आणि त्याच्या तोंडून आईचं नाव ऐकून थांबवला, कारण दोघांच्या आयांचं नाव मार्था. जगभर त्या प्रसंगाची चेष्टा झाली. पण गंमत बघा: एका शब्दाची कैफियत, आणि उगारलेला हात खाली. माझ्या मुद्द्याला याहून उघडा पुरावा नको, भले तो अडाणीपणाने मांडलेला का असेना.

२०१९ च्या टॉड फिलिप्सच्या 'जोकर'मध्ये सगळा चित्रपटच कैफियत झाला आणि नायक उरलाच नाही. हॉआकीन फीनिक्सचा आर्थर फ्लेक हा नकोशा वेळी हसू फुटण्याचा विकार असलेला, भाड्याने विदूषक होणारा माणूस. नगरपालिकेने अनुदान कापल्यावर त्याचं समुपदेशन आणि औषधं बंद होतात. समाजसेविकेला तो म्हणतो की तुम्ही माझं ऐकतच नाही, आणि तिला म्हणावं लागतं की, आमचंही कुणी ऐकत नाही. ब्रूस वेन या कथेत शाळकरी पोर आहे. फाटकाच्या गजांतून हात घालून आर्थर त्या पोराच्या तोंडाचे कोपरे बोटांनी वर ओढतो, हसू आणायला. इतकी वर्षं नायकाची मूठ खलनायकाच्या चेहऱ्यावर पडत आली. इथे खलनायकाची बोटं नायकाच्या चेहऱ्यावर आहेत. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला, फीनिक्सला ऑस्कर मिळालं, आणि तरी अमेरिकेत तो लागायच्या आधी भीती होती. २०१२ साली कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे 'द डार्क नाइट राइझेस'च्या मध्यरात्रीच्या खेळात गोळीबार होऊन बारा माणसं गेली होती. त्यांच्यातल्या काहींच्या आप्तांनी निर्मात्या कंपनीला पत्र लिहून अस्वस्थता कळवली. त्यांच्या अस्वस्थतेला कोण नावं ठेवील?

इथे सगळ्यांत कळीचा आक्षेप येतो. गुन्हेगाराची कैफियत ऐकायची म्हणजे त्याला माफ करायचं का? याचं उत्तर आपल्याला कोर्टाच्या रोजच्या कामकाजात सापडेल. आरोपीचं म्हणणं नोंदवलं जातं ते त्याला सोडून द्यायला नव्हे. ते नोंदवल्याशिवाय दिलेली शिक्षा ही शिक्षा ठरत नाही म्हणून. पण कोर्टात आणखी एक गोष्ट असते, उलटतपासणी. 'जोकर'मध्ये ती कमी पडते, आणि माझी तक्रार तिथे आहे. जे दिसतं ते आर्थरच्या डोळ्यांनी. शेजारणीशी जुळलेलं प्रेम पुढे मनाचेच खेळ निघतात; मग बाकीचं किती खरं? दूरचित्रवाणीच्या मंचावर रॉबर्ट डी नीरोचा निवेदक त्याला म्हणतो की तू स्वतःची कीव करत बसला आहेस, आणि पुढच्या मिनिटाला त्याच्या डोक्यात गोळी जाते. उलटतपासणी करणाराच मेला. २०२४ च्या उत्तरभागात फिलिप्सने आर्थरला खरोखरच्या कोर्टात उभं केलं. तिथे आर्थर कबूल करतो की जोकर वगैरे कुणी नाही, होतो तो मीच. त्याला डोक्यावर घेणारे चित्रपटातले लोक त्याच्यावर उलटतात, आणि थिएटरातल्या प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. दोन्हीकडच्या गर्दीला कैफियत हवी होती. कबुलीजबाब कुणालाच नको होता.

आता राहिला मॅट रीव्ह्जचा २०२२ चा 'द बॅटमॅन'. जवळजवळ तीन तासांचा, आणि अर्धा तास सहज कापता आला असता असं मला वाटतं. पण माझे दोन प्रश्न त्याने जितके समोरासमोर घेतले तितके कुणी घेतले नाहीत. पॉल डेनोचा रिडलर. १९६६ मध्ये हेच पात्र फ्रँक गॉर्शिनने उड्या मारत, खिदळत केलं होतं, १९९५ मध्ये जिम कॅरीने त्याहून जास्त उड्या मारत. डेनोचा रिडलर अनाथाश्रमात उंदरांबरोबर वाढलेला आहे, आणि तो आश्रम वेन घराण्याने जाहीर केलेल्या निधीवर चालायचा होता, जो निधी गॉथमच्या बड्या धेंडांनी खाल्ला. म्हणजे ब्रूसही अनाथ, हाही अनाथ. पण सारं शहर हळहळलं ते बंगल्यातल्या अनाथासाठी. ही कैफियत तुम्हाला खोडता येते का? मला येत नाही. आणि पुढचा टोला त्याहून मोठा: कोठडीत काचेपलीकडून रिडलर सांगतो की हे सगळं आपण दोघांनी मिळून केलं, मी तुझ्याकडूनच शिकलो. बॅटमॅनने दोन वर्षं रात्री मुठी चालवून शहराला भीतीची भाषा शिकवली होती. कुणीतरी ती शिकला. रिडलरचे संगणकावरून जमवलेले अनुयायी बंदुका घेऊन सभागृहात शिरतात, बॅटमॅन त्यांतल्या एकाला भान विसरून ठोसे मारत राहतो, पोलीस अधिकारी गॉर्डनला त्याला ओढून बाजूला करावं लागतं. तू कोण, असं त्या अनुयायाला विचारल्यावर तो स्वतःची ओळख ज्या शब्दात देतो, त्याच शब्दात चित्रपटाच्या सुरुवातीला बॅटमॅनने एका गुंडाला आपली ओळख दिली होती. सूड, एवढाच तो शब्द.

समुद्राचा बंधारा फुटून पाणी आत आलेलं असतं. अंधारात बॅटमॅन लाल मशाल पेटवतो, छातीभर पाण्यातून अडकलेल्या माणसांपाशी जातो आणि हात पुढे करतो. मूठ उघडलेली. माणसं त्या हाताकडे बघत राहतात, धरत नाहीत. रास्तच आहे, आजवर त्या हाताने केलं काय होतं? शेवटी एक मुलगा तो धरतो, पहिल्या खुनात ज्याचा बाप गेला तो, गॉथमचा सर्वांत नवा पोरका. बरेचसे प्रेक्षक इथेच चित्रपट संपला असं समजतात. पण रीव्ह्ज आपल्याला पुन्हा अर्कम मनोरुग्णालयात नेतो. हरलेला रिडलर हमसून रडतो आहे, आणि शेजारच्या कोठडीतून कुणीतरी त्याच्याशी मैत्री करू पाहतो. गजांआडचा चेहरा धड दिसत नाही. तो कोण, कुठून आला, त्याच्यावर काय गुदरलं, यातलं काहीही आपल्याला सांगितलं जात नाही. एवढंच ऐकू येतं की तो हसतो आहे.